पिवळं न पडणारं झाकण

"नऊ वर्षं खिडकीत, भर उन्हात ठेवलंय हे. पिवळेपणाचा मागमूस तरी दिसतो का बघा." केळुसकरांनी जुना नमुना हवाई दलातल्या तरुण वैमानिकाच्या तळहातावर ठेवला. शोभेच्या छोट्या विमानांच्या कॉकपिटवर बसवायची ही पारदर्शक झाकणं ते तापवलेलं प्लॅस्टिक लाकडी साच्यावर ओढून घडवत आणि उन्हाला दाद न देणाऱ्या लॅकरमध्ये बुडवून वाळवत.

मागणी बहुतेक वेळा उड्डाणात मरण पावलेल्या वैमानिकांच्या घरून यायची. त्या विमानांची झाकणं ते कायमची चिकटवून टाकत. माणूस अजून उडत असेल, तर मात्र झाकण उघडतं ठेवायचं, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता.

वैमानिकानं आपलं विमान उचललं. आत बसवलेला बोटाच्या पेराएवढा बाहुला-वैमानिक लख्ख दिसत होता. "काका, झकास!" म्हणत त्यानं झाकणाच्या कडेला नख घातलं. झाकण हललं नाही.

केळुसकरांनी वाकून कडेकडे पाहिलं. यंदा लागोपाठ पाच विमानं गेलेल्यांच्या घरांसाठीच केली होती. सवयीच्या हातानं हेही चिकटवून टाकलं होतं.

"ओढू नका, फुटेल," ते म्हणाले. "दोन दिवस द्या, दुसरं करून देतो."

"उद्या सकाळीच उड्डाण आहे, काका. असू दे." तो हसत विमान खोक्यात ठेवू लागला. "लेक तेवढी हिरमुसेल. रोज बाबाला विमानातून बाहेर काढून उशाशी झोपवणार होती."