दार नुसतं लोटलंय

"हे गाणं मी दहा मिनिटांत लिहिलं," एझेल मिंटरनं माइकवर सांगितलं, आणि मेम्फिसच्या त्या बागेत जमलेल्या हजारभर माणसांनी माना डोलावल्या. पुढचं त्यांना पाठ होतं. बंद पडलेली बस, रस्त्याकडेचं लॉज, सोडून गेलेली बायको आणि सिगारेटच्या पाकिटाची मागची बाजू. पन्नास वर्षं तो हे सांगत आला होता आणि दर चार-पाच वर्षांनी त्यात एखादी वस्तू वाढत होती. आता तर त्यात एक कुत्रंही आलं होतं.

सांगता सांगता तो कुत्र्यापाशी पोचला आणि त्याला पहिल्या रांगेतली चाकाची खुर्ची दिसली.

पांढरा झगा, पांढरी टोपी, हातात पुठ्ठ्याचा पंखा. चर्च सुटल्यावर तशाच आलेल्या दिसत होत्या. ओडेसामाई. ज्या चर्चमध्ये तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या सगळ्यांच्या माई. नव्वदीच्या पुढे असणार. त्या केव्हाच गेल्या असतील, असं तो धरून चालला होता. खरं सांगायचं तर तसं धरून चालणं त्याला सोयीचं होतं.

कुत्र्याची गोष्ट त्यानं अर्धीच टाकली. मागे वादकांना वाटलं, म्हातारा विसरला. त्यांनी सांभाळून घेतलं आणि गाणं सुरू केलं.

"दार नुसतं लोटलंय, कडी नाही लावलेली..." एझेल गायला. आवाजाला अजून धार होती. मग नेहमीसारखा त्यानं माइक लोकांसमोर धरला.

"राणी, केव्हाही ये!" बागेनं उत्तर दिलं.

"प्रभू, केव्हाही ये," माई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. त्यांचा सूर अर्धा ठोका मागून आला, म्हणून सगळ्यांना नेमका ऐकू गेला.

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे हसले. शेजारी बसलेली पिवळ्या टोपीतली व्हर्नीस त्यांच्या कानाशी वाकली, पण तिचं कुजबुजणंही चार रांगांना पुरणारं होतं.

"माई, 'राणी' आहे ते. चर्चचं नाही हे. बाईमागे लागलेल्या पुरुषाचं गाणं आहे."

"हो का?" माई म्हणाल्या. "चुकलं गं माझं. वय झालं आता."

एझेलनं ते ऐकलं आणि त्याचे कान तापले.

माईंचा मुलगा लॉनी नदीत बुडाला, त्यानंतरच्या रविवारी त्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, सगळ्यांसमोर देवाशी मनातलं बोलायला, उभ्या राहिल्या होत्या. पोराला नेताना तू दार वाजवलं नाहीस, असं त्या देवाला म्हणाल्या. माझं दार नुसतं लोटलंय, कडी नाही लावलेली. प्रभू, केव्हाही ये. त्यांच्या बोलण्याखाली हळू आवाजात ऑर्गन वाजवायला चोवीस वर्षांचा एझेल बसला होता. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डाव्या हातानं तो स्तोत्रांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहीत होता. त्या रडत होत्या आणि हा चाल जुळवत होता. पुढे त्यानं एकच शब्द बदलला. अक्षरंही दोनाला दोन.

त्यानं हात वर केला. वाद्यं थांबली, नुसता ऑर्गन खाली घुमत राहिला.

"माईंचं चुकलेलं नाही," एझेल म्हणाला. "शब्द त्यांचेच आहेत. हे मी लिहिलेलं नाही."

"आमेन!" कुणीतरी मागून ओरडलं.

"सांग, सांग!"

"ते लॉज, ते पाकीट, सगळं खोटं आहे."

लोक उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या मोठ्या गायकानं चर्चच्या म्हातारीला भर मंचावरून मान द्यावा, तोही रविवारी! तळलेल्या माशांच्या गाडीवरचा माणूससुद्धा झारा खाली ठेवून टाळ्या वाजवू लागला. व्हर्नीसनं डोळे पुसले.

"बघितलंत माई? कुठल्या कुठे पोचला, पण पाय अजून जमिनीवर आहेत."

एझेलला हलकं वाटलं. म्हटलं तर सांगून झालं होतं, आणि वर टाळ्याही पडल्या होत्या. आता तिसरं कडवं घ्यायचं, वाकून नमस्कार करायचा आणि घरी जायचं. आपण हे इथंच सोडून देणार आहोत, हे त्याला कळलं. आणि मग मात्र अशी लाज वाटली, जी पन्नास वर्षांत गाणं चोरल्याचीही वाटली नव्हती. त्यानं तोंड उघडलं. ते पुस्तक, ते मागचं पान, तो डावा हात, सगळं घशाशी येऊन अडकलं. त्यानं माइक तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. लोकांना तेही गाण्यातलंच वाटलं.

"बिचाऱ्याला किती भरून आलंय," व्हर्नीस म्हणाली. "गा म्हणावं आता."

"थांब गं," माई म्हणाल्या. "त्याचं अजून सांगून झालेलं नाही."

त्यांनी पंखा मांडीवर ठेवला. साक्ष देता देता कुणाचा आवाज अडकला की चर्चच्या बाकांवरची माणसं जे म्हणतात, तेच त्या मंचाकडे बघून म्हणाल्या,

"सावकाश, बाळा. आम्ही कुठं जात नाही."