शून्य तासांची वस्ती

"मागच्या सात दिवसांत काही काम केलं का, मावशी?"

"न्हाई ताई. काम कुठाय?" जाळं शिवता शिवता दुर्गाबाई म्हणाली.

सरकारी पाहणीसाठी आलेल्या संध्याने टॅबवर शून्य टाकलं. शहागडजवळच्या या भिल्ल वस्तीतलं हे नववं. नऊ बायका, आणि सगळ्यांचे मिळून कामाचे तास शून्य! संध्याला रडू यायचं बाकी होतं. मागच्या पाहणीतही हेच झालं होतं. बायका घरीच असतात, मग अंगणवाडी कशाला, असं म्हणून वस्तीची अंगणवाडी नामंजूर झाली. दुर्गाबाईची सून आत्ता नदीत मासे धरत होती आणि दीड वर्षाची नात बाजेच्या पायाला दोरीने बांधलेली होती.

"मग हे जाळं?"

"फाटलंय, शिवून राह्यले. काम म्हंजे मुकादम बोलावतो ते."

"आणि पहाटेचे मासे? शेळ्या?"

"शेळ्या तं घरच्याच हायेत!"

यापुढे काय विचारणार? पण या वस्तीत आलेल्याला रिकामं बसू देत नाहीत. चहा यायच्या आत जाळ्याचं एक टोक संध्याच्या हातात आलं. मग सुई आली. दोनदा बोट टोचलं, तिसऱ्यांदा गाठ जमली, आणि ती अशी रमली की टॅब गोणपाटावर तसाच पडून राहिला.

दोन तासांनी साहेबांचा फोन आला. हात मोकळे नव्हते, म्हणून तिने तो खांद्याने कानाशी दाबून धरला.

"दोन तासांत एकही फॉर्म आला नाही, मॅडम. करताय काय?"

"काही नाही, साहेब. बसलेय नुसती."

दुर्गाबाईने मान वर केली. दोघींमध्ये वावभर लांब शिवलेलं जाळं पसरलं होतं.

"मंग धा नंबरचं शून्य तुझं टाक, ताई!"

आधी दुर्गाबाई हसली, मग संध्या. हसता हसता तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने फॉर्म पुन्हा उघडला आणि 'काम' हा शब्द तोंडातूनच काढला नाही.

"मावशी, पहाटे उठल्यावर आधी काय करता?"

दुर्गाबाई सांगत गेली. संध्याने सगळ्या तासांची बेरीज केली. तो आकडा भरताच टॅबवर लाल अक्षरं उमटली: 'एका आठवड्यात एवढे तास? खात्री आहे का?'

संध्याने आधी नातीची दोरी सोडली. मग 'हो' दाबलं.