आजचा मासा

"ताई, तुम्ही लोक हिंजवडीत दिवसभर नक्की करता तरी काय?"

नम्रताने एका दमात विचारून टाकलं. "तुझ्यात हिंमतच न्हाई," म्हणणाऱ्या मैत्रिणी पाण्याच्या पिंपामागे तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. धरणाकाठच्या तिच्या आईवडिलांच्या खानावळीत शनिवारी हिंजवडीच्या कंपन्यांतले असले पाहुणे पुष्कळ येत, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

टेबलाशी जेवायला बसलेली साधना चिडली नाही. "मी? वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहिते."

"रोज नवं पुस्तक?"

"छे गं. 'आधी प्लग काढा' हे वाक्य सगळ्या पुस्तकांत लागतं. ते मी एकदाच लिहून एका जागी ठेवलंय. पुस्तकं तिथून उचलतात. तिथे बदललं की सगळीकडे बदलतं."

पिंपामागे हसू फुटलं. नम्रता मात्र हसली नाही. खानावळीचा मेन्यू आणि जवळच्या ज्या चार रिसॉर्टना इथून जेवण जायचं त्यांचे चार, हे सगळे मोबाइलवरचे मेन्यू तीच सांभाळायची. मासा बदलला की प्रत्येकात शिरून बदला. त्यापायी शनिवारची कबड्डीची प्रॅक्टिस बुडायची. आज चारला आली नाहीस तर संघातून नाव कमी, असं सरांनी बजावलं होतं.

"ताई, मला दाखवा ना. आत्ता."

साधनाने जेवता जेवता दाखवलं. नम्रताने 'आजचा मासा' नावाची वेगळी फाइल केली. पाचही मेन्यूंतली माशाची ओळ खोडून तिथे त्या फाइलची लिंक जोडली. फाइलमध्ये लिहिलं, मरळ. पाचही ठिकाणी मरळ आली. तिने चक्क शीळ घातली.

मग मोबाइल घेऊन ती चुलीपाशी आईकडे, चंद्रकलाकडे, गेली. "आई, मरळ संपली की हितं माइक दाबायचा आन् बोलायचं. बास."

"माझं हात मसाल्याचं हायेत."

"मग एक बोट पूस."

थोड्या वेळाने मरळीचं पातेलं रिकामं झालं. चंद्रकलाने पदराला बोट पुसून माइक दाबला. "मरळ संपली," ती म्हणाली. माइक बंदही करायचा असतो, हे नम्रताने सांगितलंच नव्हतं. चंद्रकला भाकरी थापत आपल्या नेहमीच्या सुरात बडबडत राहिली.

बाहेर एक टेबल खो खो हसलं. मग दुसरं. साधनाने आपला मोबाइल नम्रतापुढे धरला. मेन्यूत आजचा मासा होता: "मरळ संपली हितं मान्सं जेवायला बसल्यात आन् आमचं ह्ये धरणावर गप्पा हाणत बसल्यात चिलापी आणतील तवा आणतील."

पाचही मेन्यूंत हेच.

तेवढ्यात नम्रताचे वडील जयवंत चिलापीची पाटी डोक्यावर घेऊन धापा टाकत आले. "अगं, जगाला काय सांगत सुटलीयास? त्या रिसॉर्टचा म्यानेजर माझ्याच तोंडावर मला वाचून दावतोय."

"खोटं हाय का त्यात काय?" चंद्रकलाने भाकरी उलटली.

नम्रता ओळ पुसायला धावली. बोट ठेवणार, तोच मोबाइल वाजला. रिसॉर्टवाला होता. "पाहुणे विचारतायत, काका आले का चिलापी घेऊन? आले असतील तर सगळ्यांना तीच लावा. थांबतो म्हणतायत."

नम्रताने ओळ पुसली नाही. घड्याळ बघितलं आणि मोबाइल आईच्या ओल्या हातात दिला.

"माझ्याकडं कशाला?"

"तूच बोलत जा. असंच."

"आन् चुकलं म्हंजी?" जयवंत पाटी उतरवत म्हणाले.

"सगळीकडं एकदम चुकंल, बाबा. आन् एका जागी नीट केलं की सगळीकडं नीट व्हईल."

मैत्रिणी सायकली काढून उभ्या होत्या. नम्रताने बुटाची नाडी आवळली आणि सरळ उभी राहिली.

"आई, बाबा, मी विचारत न्हाई, सांगतेय. आजपास्नं शनिवारचा मासा आई बोलणार. मी खेळणार."