बिनकामाचा मफ

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. आईने स्टॅनमोरच्या चॅरिटी शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, एक मफ विकत घेतला. मफ म्हणजे मधून आरपार पोकळ अशी फरची छोटी उशी. पूर्वी इथल्या बायका थंडीत तिच्यात दोन्हीकडून हात घालून फिरायच्या.

"यात हात अडकवलेस तर फोन कशाने धरणार? बसमध्ये कार्ड कसं टॅप करणार?" मी वैतागले. "बायकांच्या वस्तू बनवणाऱ्यांना वाटतं, बायकांना हातांनी काही कामच नसतं. आणि मी तुम्हा दोघांना थर्मल ग्लव्हज आणलेत ना?"

"ऊब छान आहे गं," आई एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर बोचरा वारा होता. बाबा तळहात चोळत उभे होते.

"अहो, ग्लव्हज?" आईने विचारलं.

"विसरलो घरी."

आईने एक हात काढून आपल्या खिशात घातला आणि मफची मोकळी बाजू बाबांपुढे केली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण बाबा रस्त्यात आईच्या चार पावलं पुढेच चालत आलेत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हात आत सरकवला. बस आली तेव्हा तिघांची कार्डं मीच टॅप केली.

त्यानंतर बाबा रोजच ग्लव्हज विसरायला लागले.

रविवारी मी त्यांचा कोट झटकायला घेतला. ग्लव्हज आतल्या खिशातच होते, लेबलसकट. मी ते तिथेच ठेवले आणि खिशाची चेन लावून टाकली.