टर्बो गार होईपर्यंत

सलिलने खिडकीतून हात आत घातला, किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

"अहो वहिनी, उतरायच्या घाईत चालूच राहिली की!" तो हसून म्हणाला. आंबिवलीच्या या देवळाचा तो मोठा हौशी कार्यवाह. मागे मंडपात माणसं खोळंबलेली, पेटीवाला सूर धरून बसलेला.

हेमाच्या डोक्यात सणक गेली. उशीर झाला म्हणून इगतपुरीपासून तिनं गाडी नुसती पळवत आणली होती. शेजारच्या सीटवर तिचे सासरे, देवरामबुवा कीर्तनकार. त्यांनी दार उघडून एक पाय जमिनीला टेकवलाही होता.

"कुणी सांगितलं होतं बंद करायला?"

"अहो, डिझेल फुकट जळतंय..."

"जळू दे! आत टर्बो तापून लाल झालाय. पळवून आणल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं असतं. ऑइल फिरतं, तो निवतो. एकदम बंद केलं की ऑइल तिथंच करपतं, कढईतल्या फोडणीसारखं." तिनं पुन्हा किल्ली मारली. इंजिन घरघरलं. "गेल्या वर्षी जाऊ तिथं असेच भले हात आत यायचे. शेवटी टर्बो बसला. गाडी गॅरेजात आणि बाबा अख्खा चातुर्मास घरात! या गुडघ्यांनी एसटीत चढवतं का त्यांना? ही गाडी गेली की यांचं कीर्तन गेलं."

"बरं बाई, चुकलं. पण किती ते लाड गाडीचे!" मंडपाच्या तोंडाशी दोघंतिघं फिसकन हसले.

"असं? मग तुमच्या गाभाऱ्यातली समई मी येऊन फुंकते. तेल वाचेल ना तुमचं!"

हसणं थांबलं. कुणीतरी सलिलच्या हातात हार दिला. तो वळसा घालून बुवांच्या बाजूला आला.

"बुवा, मंडळी ताटकळलीत हो. तुम्ही तरी सांगा यांना."

बुवांनी टेकवलेला पाय आत घेतला, दार ओढून घेतलं.

"सूनबाई म्हणेल तेव्हा," एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले.

हेमानं इंजिन चालूच ठेवलं. बंद काचेपलीकडे सलिल दोन्ही हातांनी हार फाकवून उभा होता आणि समोर मान नव्हती.