पाचवी बरणी

बरणीला कान लावून सिस्टरबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. आतून हूं नाही की चूं नाही. तीन दिवसांत फसफसून वर यायचं ते पाणी निपचित पडलं होतं.

"पुन्हा नाही जमलं का गं?"

"नाही ना," धाकटी लेक म्हणाली. "आई, तू काहीतरी सांगायला विसरतेयस."

ही चौथी बरणी. अननसाची सालं, सफरचंदांचे गाभे, दोन मुठी भरडलेले जव, ओंजळभर गूळ आणि गार पाणी. तोंडाला फडकं बांधायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. एवढंच तर होतं. सिस्टरबाईंच्या आईने ते जन्मभर केलं, त्यांनी स्वतः चाळीस वर्षं केलं, आणि सगळं घर त्याला 'फसफस' म्हणून पीत आलं. माझी बायको कचऱ्यातून अमृत काढते, असं यजमान हयात असताना पाहुण्यांना सांगायचे आणि पहिला पेला स्वतःच लंपास करायचे.

लेक दोन महिन्यांपूर्वी आली ती हेच शिकायला. "हातात बसलं की जाते," म्हणाली होती. जावई कामासाठी परगावी आहेत, असं तिने सांगितलं होतं, त्यामुळे तिला घाई नव्हती. सिस्टरबाईंना मात्र धीर धरवत नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळात नोकरी केली होती. कुठल्या खाटेला कुठलं औषध किती थेंब, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगत. आता त्यांना सालांचं पाणी आंबवता येईना. त्यांची आई शेवटी शेवटी त्यांनाच "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची. आपलंही तेच होणार, ही भीती त्यांना सोडत नव्हती.

त्या संध्याकाळी लेक गॅलरीत थोरल्या भावाशी फोनवर बोलत होती. दार उघडंच होतं.

"हो दादा, याही वेळी विसरली. नाही रे, डॉक्टर एवढ्यात नको. मी थांबते ना तिच्यापाशी."

सिस्टरबाई आत खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. मग उठल्या आणि पाचव्या बरणीसाठी सालं चिरायला घेतली. या खेपेला त्यांनी एक चोरटा उद्योग केला. त्याच सालांतली मूठभर, त्याच जवातले थोडे, गुळाचा खडा आणि त्याच माठातलं पाणी एका बाटलीत भरलं आणि बाटली कपाटात रजयांच्या मागे सरकवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण आता आरशाचीच वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर त्यांनी बरणीला हात लावला. बरणी कोमट होती.

"अगं, ऊब धरलीय बघ. आता जमणार."

लेक ओट्याशी भांडी घासत होती. ती नुसतं "हं" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना झोप लागेना. त्यांनी कपाट उघडलं, बाटलीचं फडकं सोडलं, आणि फेस उसळून त्यांच्या हातावर आला. त्यांनी घोट घेतला. आंबटगोड, नाकात झिणझिणणारा, अगदी तोच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोकं जागेवर होतं, हातही जागेवर होता. बाटली लेकीला दाखवायला त्या तशाच अनवाणी स्वयंपाकघराकडे गेल्या.

लेक पाठमोरी होती. बरणीचं फडकं बाजूला पडलं होतं, आणि ती वाफाळत्या पातेल्यातलं पाणी बेतानं बरणीत ओतत होती.

उकळत्या पाण्यात काही जिवंत राहत नाही, हे जन्मभर सुया आणि चिमटे उकळलेल्या बाईला कोणी सांगायला नको होतं. त्या पाऊल न वाजवता मागे फिरल्या.

खोलीत येऊन बसल्या तरी काही उलगडेना. पोटची पोर आपल्याला वेड्यात काढतेय, पण कशासाठी? घरासाठी? थोरला सामील आहे का? की आपण पाहिलं तेच खोटं? डोक्याचा नुसता भुगा झाला. शेवटी राग आला, आणि राग आला तेव्हा जरा बरं वाटलं. जावई एव्हाना परतले असतील. ज्याचं माणूस त्याने घेऊन जावं, म्हणजे झालं.

लेकीच्या घरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी डायरी न उघडता तो फिरवला. पलीकडे एका तरुण बाईचा आवाज आला.

"नंबर चुकला वाटतं," सिस्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी एकेक आकडा म्हणून दाखवला.

"नंबर बरोबर आहे. पण हे बाहेर गेलेत. मी त्यांची मिसेस बोलतेय." ती बाई म्हणाली. "आधीच्या बाईंसाठी फोन असेल, तर त्या आता इथे राहत नाहीत."

सिस्टरबाईंनी फोन हलकेच ठेवला. बाटली न्हाणीघरात नेऊन मोरीत रिकामी केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, हात पुसले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लेकीने बरणीवर फडकं पुन्हा नीट बांधलं होतं.

"आई, याही वेळी काही नाही गं," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

"कसं व्हायचं? सांगणारीचंच डोकं ठिकाणावर नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "दादाला फोन लाव. म्हणावं, आईला आता काही म्हणता काही आठवत नाही, मला इथेच राहावं लागणार."