वरवंटा

मुलुंडच्या घरात स्पेनच्या सायकलयात्रेची बांधाबांध चालली होती. तिथे वाटेवरच्या एका क्रुसाखाली घरून आणलेला दगड सोडायचा, त्यासोबत मनातलं ओझंही, अशी यात्रेकरूंची रीत. विद्याधरनं खिशात गुळगुळीत गोटा टाकला. त्याच्या बायकोनं, उत्तरानं, पाट्यावरचा वरवंटा उचलला. "वेडी झालीस? सायकलवर एवढं वजन?" "ओझंच तेवढं आहे." घोडबंदरच्या चढावर मित्रांसमोर ती त्याच्यापुढे गेली, तेव्हा घरी येऊन त्यानं याच वरवंट्यानं तिचं बोट ठेचलं होतं. ब्रेक दाबताना ते अजून वळत नव्हतं. "ठेव खाली!" त्यानं तिच्या थोबाडीत मारली. तिनं वरवंटा त्याच्या सायकलवर घातला, स्पोक तुटून चाक वाकडं होईपर्यंत घालत राहिली. तो भिंतीला टेकला. मग तिनं वरवंटा पाट्यावर नीट ठेवला. "आता न्यायची गरज नाही. एकटीच निघते. चटणी लागली तर वाटून घे."